एका शब्दाचं चरित्र आणि एक मेलेला उंदीर

२८ जुलै, सोमवार

श्रावणातला पहिला सोमवार. आजपासून रोजनिशी. रोज लिहायचं, थोडक्यात लिहायचं, रडगाणं लिहायचं नाही. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवताना मुलांना हेच सांगत आले. स्वतःला सांगायचं राहून गेलं होतं.

शुक्रवारी श्रावण लागला तेव्हापासून अनवाणी. घरात, दारात, रस्त्यावर, सगळीकडे. माहेरी कंधारला आई पाळायची, मी पाळते. लातूरच्या बायका आता देवळाच्या पायरीपर्यंत चपला घालून येतात आणि त्याला श्रावण म्हणतात. आज सिद्धेश्वराला पायी जाऊन आले. वाटेत खडी सांडलेली. काही वर्षांपूर्वी टोचायची, आता गादीसारखी लागते. याला साधना म्हणतात. रेवणप्पा म्हणाले, याला साखर म्हणतात. (रेवणप्पा म्हणजे आमचे हे. दालमिलमधून मॅनेजर म्हणून रिटायर. चारचौघांत मी त्यांचं नाव घेत नाही, पण रोजनिशीत कोण ऐकतंय.)

डायबेटिसच्या गोळ्या श्रावणभर बंद. उपवासात साखर खायचीच नाही, मग गोळीने मारायचं कुणाला? फराळाला साबुदाण्याची खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू. हलकंच.

मुलाने, अमरेशने, आणलेलं साखर तपासायचं मशीन कपाटामागे टाकताना डबी उघडली आणि सुया सांडल्या. नव्याही, आणि त्याने माझ्या बोटाला टोचलेल्या जुन्याही. कामवाली शांतम्मा झाडते म्हणाली. तिचं झाडणं मला माहीत आहे. मी स्वतः एकेक वेचून काढली. चष्मा न लावता. या वयात.

२९ जुलै, मंगळवार

सकाळी पलंगापासून देवघरापर्यंत फरशीवर कुंकवाचे ठिपके. शांतम्माला चांगलं सुनावलं. करंडा सांडायचा आणि पुसायचा नाही, ही कुठली पद्धत? तिने वाकून बोट लावलं, वास घेतला.

"बाई, कुंकू न्हाई हे. रगत हाय. तुमच्याच पायातून येऊन राहिलं."

पाहिलं. उजवा पाय, अंगठ्याच्या खाली. तांदळाएवढं भोक. दुखत नाही, म्हणजे खोल नाही. विभूती दाबून बसवली आणि पूजेला लागले.

प्रश्न जखमेचा नाही. प्रश्न हा की, हे केलं कोणी? काल रस्त्यावर केबलवाल्यांनी खड्डा खणून तारांचे तुकडे तसेच टाकले होते. त्यांचंच काम.

३१ जुलै, गुरुवार

नांदेडहून तनुजाचा फोन. माझी जुनी विद्यार्थिनी. मी जिथे शिकले त्या कॉलेजात आता इंग्रजीची विभागप्रमुख. शिक्षक दिनाला, पाच सप्टेंबरला, माझं भाषण ठेवायचं म्हणते. विषय मी ठरवायचा. तासभर. सभागृह नवीन आहे म्हणाली.

रिटायर झाल्यापासून पहिलं बोलावणं. इतक्या वर्षांत लातूरच्या कुणाला सुचलं नाही. हे नोंदवून ठेवते, तक्रार म्हणून नव्हे.

विषय संध्याकाळपर्यंत ठरला. एकच शब्द घ्यायचा आणि त्याच्या मुळापर्यंत जायचं. शब्द : इंज्युरी. पायाकडे बघूनच सुचला. वाया काही जात नाही.

३ ऑगस्ट, रविवार

दिवसभर मोठी डिक्शनरी. शब्द लॅटिनमधला. 'इन' म्हणजे नाही, 'यूस' म्हणजे हक्क, न्याय. 'इन्यूरिया' म्हणजे न्यायाच्या विरुद्ध घडलेली गोष्ट. सरळ मराठीत, अन्याय. इंग्रजीत हा शब्द कोर्टाच्या दाराने आला, दवाखान्याच्या नव्हे. आधी अन्याय, मग अपमान, मग नुकसान, आणि रक्त वगैरे नंतर. फ्रेंचमध्ये आजही तो शिवीसाठी वापरतात. आपल्या फौजदारी कायद्यातही इंज्युरी म्हणजे कुणी बेकायदा केलेलं नुकसान, मग ते शरीराचं असो, मनाचं, अब्रूचं की मालमत्तेचं.

तेव्हा भाषणाचं सूत्र : इंज्युरीला अपराधी लागतो. नुसतं लागलं म्हणजे इंज्युरी नव्हे. कोणीतरी लावलेलं असलं पाहिजे.

केबलवाल्यांच्या ऑफिसात फोन केला. मुलगा म्हणाला, मॅडम, चप्पल नव्हती का? मी फोन ठेवला. अपराध्याची पहिली खूण : उलट प्रश्न.

पायावर विभूतीचा थर चांगला बसला आहे. थराखाली थोडं ओलसर.

४ ऑगस्ट, सोमवार

दुसरा सोमवार. सिद्धेश्वर. अनवाणी. उत्तम.

परतताना समोरच्या शिवप्पांनी गाठलं. दिवसभर फाटकात खुर्ची टाकून बसतात. साखरेपायी डावा पाय गुडघ्याखाली कापलेला, पायजम्याची ती बाजू दुमडून पिन लावलेली. अडतीचं दुकान सुटल्यापासून येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय बघणं एवढाच उद्योग. चेहरा बघतच नाहीत.

विचारलं, मॅडम, पायाला मुंग्या येतात का? मी म्हटलं, पूर्वी यायच्या, आता अजिबात नाहीत. सांगताना थोडा अभिमान होता, का नसावा?

शिवप्पा खुर्चीत मागे टेकले.

"मुंग्या होत्या तवर पाय माझा होता, मॅडम," म्हणाले. "मुंग्या गेल्या आन् मी पेढे वाटले."

मग निळ्या मऊ चपलांचं पुराण. साखरवाल्यांसाठी खास करतात म्हणे. जोडीनेच घ्याव्या लागतात, म्हणून डाव्या सगळ्या नव्याकोऱ्या पडून आहेत. पत्ता देतो म्हणाले. मी म्हटलं, श्रावण आहे. उद्यापासून मागच्या गल्लीने जाणार.

९ ऑगस्ट, शनिवार

सूनबाई अक्षरा कोचिंग क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवते. सगळ्या लातूरची पोरं डॉक्टर करायला निघाली आहे आणि घरात कोणी सापडलं तर त्यालाही सोडत नाही. आज म्हणाली, आई, पाय दाखवा. मी म्हटलं, सासूचा पाय सुनेने बघायचा तो पाया पडताना.

गप्प बसली. जिंकले.

१० ऑगस्ट, रविवार

सकाळी अंघोळ करून अक्षरा पाया पडायला आली. कारण काही नव्हतं, तरी आनंद वाटला. माहेरचं वळण चांगलं. नमस्कार बराच लांबला. मी आशीर्वाद देऊन हात मागे घेतला तरी उठेना. मग लक्षात आलं, बघून राहिली होती. (मी 'बघत होती' लिहिते. रेवणप्पांच्या संगतीने भाषा बिघडत चालली.)

उठली तेव्हा चेहरा उतरलेला. म्हणाली, हे आजच दाखवायला हवं. मी म्हटलं, शेवटचा सोमवार झाला की. तारीख दिली, एकोणीस. शब्द दिला की पाळते.

१३ ऑगस्ट, बुधवार

घरात उंदीर मेला आहे. नक्की. माझ्या खोलीतच कुठेतरी. शांतम्माला कपाट हलवायला लावलं. नाही. पलंगाखाली नाही. रेवणप्पांना माळ्यावर चढवलं. गुडघे धरून चढले, गुडघे धरून उतरले. नाही.

भाषणाचं टिपण लिहायला दिवाणखान्यात बसले. तासाभरात उंदीर तिथेही. म्हणजे दोन असावेत.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनाला गेले नाही. पाय किंचित सुजलेला. चालण्याने सुजतो, सगळ्यांचाच. त्यात अनवाणी.

टिपणात 'हर्ट' या शब्दाची भर. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ धडक मारणे. काही लोक त्याचं मूळ मेंढ्याच्या टकरीत शोधतात. हलका शब्द. आपल्या कायद्यात हर्ट म्हणजे शरीराला वेदना, आजार किंवा दुबळेपणा. मला वेदना नाही. आजार गोळ्यांबरोबर बंद आहे. दुबळेपणाचं नाव काढायचं नाही. तेव्हा हर्ट बाद. 'वून्ड' हा अस्सल इंग्रजांचा शब्द, शेतकरी, रांगडा, त्यात अपराधी असलाच पाहिजे असं नाही. तोही बाद. इंज्युरीच बरोबर.

माशा वाढल्या आहेत. पावसाळा.

१६ ऑगस्ट, शनिवार

रेवणप्पांनी उंदीर शोधणं थांबवलं. विचारलं तर म्हणाले, सापडला. कुठे, ते सांगेनात. मग फेकला का? तर बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. वास तर अजून येतोच आहे. या माणसाने मिलमध्ये मॅनेजरकी कशी केली असेल?

१८ ऑगस्ट, सोमवार

शेवटचा सोमवार. व्रत पुरं. रिक्षाने गेले, पण रिक्षात अनवाणी. देवळात सगळ्यांनी मला पुढे जायला वाट करून दिली. एरवी रेटारेटी असते. शिक्षकाला मान देणारी माणसं अजून आहेत.

१९ ऑगस्ट, मंगळवार

शब्द पाळला. डॉ. आनंदराज. अकरावीला माझ्या हाताखाली होता, स्पेलिंग कच्चं. आजही कागदावर 'अल्सर' लिहिताना एक अक्षर गाळलं, मी तिथेच दुरुस्त करून दिलं.

मग परीक्षा. डोळे मिटा मॅडम, मी नायलॉनचा दोरा तळपायाला टेकवेन, कळला की हो म्हणा. मी ठरावीक वेळाने हो म्हणत गेले. आधी उजवा पाय, मग डावा. एकही चुकवला नाही. डोळे उघडले तर तो काही न बोलता हात धूत होता. पैकीच्या पैकी मिळाले की पोरं अशीच गप्प होतात.

म्हणाला, आज ॲडमिट व्हा. अंगठ्यापुरतं आहे तोवर अंगठ्यावर भागेल. मी म्हटलं, सहा सप्टेंबरला होते. पाचला नांदेडला भाषण आहे. तो म्हणाला, मॅडम, पायाला तारीख वाचता येत नाही. कोटी म्हणून ठीक. बोलायला मीच शिकवलं.

औषधं लिहून दिली. गोळ्या घोड्याला द्यायच्या आकाराच्या आहेत. दोन दिवस घेऊन बघते.

रिक्षात रेवणप्पा म्हणाले, "मॅडम, तुम्ही हो म्हणत होता ना, तवा त्यानं दोरा अजून पाकिटातूनच काढला नव्हता." (हेही मला मॅडमच म्हणतात. थट्टेने.)

त्यांना लांबचं नीट दिसत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

गोळ्यांनी मळमळतं, भाषणाच्या तयारीत डोकं जड होतं. बंद केल्या. श्रावण संपला, पण व्रत भाद्रपदातही चालू ठेवावं असं मनाने घेतलं. अनवाणी. चप्पल पायात जात नाही हे कारण नव्हे.

रात्रीतून कुणीतरी माझ्या घोट्याभोवती निळ्या पेनने रेघ ओढून ठेवली. अक्षरा. मला कळलंही नाही. म्हणते, लाली या रेषेच्या बाहेर गेली तर कुणाचं ऐकणार नाही. मी म्हटलं, माझा पाय म्हणजे तुझ्या क्लासची उत्तरपत्रिका नव्हे.

२६ ऑगस्ट, मंगळवार

लाली रेषेच्या बाहेर. आम्ही मुलांना समास सोडून लिहायला शिकवायचो.

संध्याकाळी पुसून काढली. रेघ.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

गणपती बसले. पाऊस थांबायचं नाव नाही. काल हुडहुडी भरून आली. दोन गोधड्या घेतल्या. हवा बदलली की होतं. आज बरं. भाषणाला शेवटचं वाक्य हवं आहे, ते सुचत नाही. बाकी सगळं तयार.

अमरेश मिलमधून दुपारीच आला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसला. लहानपणी मार्क कमी पडले की बसायचा तसा. म्हणाला, आई, नांदेड राहू दे. मी म्हटलं, राहू देण्यासारखं माझ्याकडे आता दुसरं काय आहे? हे बोलायचं नव्हतं. लिहायचंही नव्हतं.

अपराध्यांची यादी पुन्हा तपासली. केबलवाले. देवळाबाहेरचा नारळवाला, करवंट्या कुठेही टाकतो. अक्षराचा नवा सोफा, त्याच्या पायाला लोखंडी पट्टी आहे. सोफ्यावर संशय वाढतो आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार

शिवप्पांनी मागच्या गल्लीचा पत्ता लावला. कुणाला तरी धरून कुबड्यांवर तिथपर्यंत आले आणि कोपऱ्यावर उभे. मी रिक्षात होते. मी दिसले तशी टोपी काढली.

प्रेतयात्रा जाताना काढतात तशी.

४ सप्टेंबर, गुरुवार. नांदेड

पोहोचले. अक्षरा क्लासला आणि अमरेश मिलला गेल्यावर रेवणप्पांना घेऊन एसटी स्टँड गाठलं. मी जाते म्हणजे जाते, हे चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना समजलेलं आहे. त्यांनी विचारलं, डॉक्टरांची परवानगी? मी म्हटलं, त्यांनी नाही म्हटलेलं नाही. हे खोटं नव्हे. विचारल्याशिवाय कोण नाही म्हणेल?

बसमध्येही उंदीर. अहमदपूरला पुढची दोन कुटुंबं उठून मागे गेली. लोह्याला कंडक्टरने सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या, पाऊस आत आला तरी. महामंडळाने उंदरांचा बंदोबस्त केलाच पाहिजे. रेवणप्पा सगळ्या वाटेने तोंड बाहेर काढून बसले होते. मागून खांदे दिसत होते. हलत होते. रस्ता खराब आहे.

तनुजाकडे उतरलो आहोत. तिने वेगळी खोली दिली. ऐसपैस.

५ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळ

अंग तापलेलं. उत्साहाने तापतं. पाय पांढऱ्या कपड्यात गुंडाळला, वरून साडी. कुणाला कळणार नाही. अंगठा गडद झाला आहे, जांभळासारखा. विभूती त्यावर उठून दिसते.

शेवटचं वाक्य अजून नाही. व्यासपीठावर सुचेल. मला नेहमी सुचतं.

६ सप्टेंबर, शनिवार. दवाखाना, नांदेड

अक्षर वाकडं येतं आहे. हाताला सलाईन.

क्रमाने लिहिते.

सभागृह भरलेलं. बसून बोलणार नाही, आधीच सांगितलं. पाऊण तास उत्तम झालं. लॅटिन, कोर्ट, कायदा. पुढच्या रांगेतल्या मुली हळूहळू मागे सरकल्या, मागची बाकं गच्च. नव्या सभागृहातही उंदीर आहे, आयोजकांना सुचवलं. तनुजाने पदर नाकाला लावलेला, डोळ्यांत पाणी. गुरूला ऐकताना व्हावं तसं.

फुटबॉलमधला इंज्युरी टाइम सांगितला. खेळाडू पडला, वेळ वाया गेला, तर तो शेवटी मोजून परत देतात. म्हटलं, वाया गेलेला वेळ परत देणारी जगात एवढी एकच जागा. टाळ्या.

मग म्हटलं, लक्षात ठेवा, इंज्युरीला अपराधी लागतो. इथे थांबणार होते. एक मुलगी उठली. नाकावर रुमाल होता, तो काढून तिने विचारलं, "मॅडम, आन् ज्याला लागलं त्यानंच केलं असंल तर?"

मी म्हटलं, मग शब्द बदलावा लागेल. कुठला, ते सांगायला तोंड उघडलं. टेबल धरलं. टेबल तिथे नव्हतं.

७ सप्टेंबर, रविवार

अमरेश, अक्षरा कालच आले. रागवत नाहीत. हे काही चांगलं लक्षण नव्हे.

इथल्या सर्जनबाई तरुण आहेत, बोलणं मोजकं. एक्स-रे उजेडात धरून दाखवला. अंगठ्याच्या हाडाजवळ बारीक पांढरी रेघ. सुईचं मोडलेलं टोक. साधी सुई नव्हे, बारीक आहे, म्हणाल्या. अशी सुई कशाची असते?

मग रेवणप्पा बोलले. खिडकीकडे तोंड करून.

"साखरंच्या मशीनची हाय ती."

अपराधी सापडला तर. मशीन अमरेशने आणलं. त्याला मी आणायला सांगितलं नव्हतं. शांतम्माने झाडते म्हटलं होतं, तर तिने झाडायला हवं होतं, माझं ऐकत बसायची गरज नव्हती. कंपनीने सुया इतक्या बारीक का कराव्यात, की माणसाला कळू नयेत?

सुया कुणी वेचल्या, हे या रोजनिशीत सुरुवातीला कुठेतरी लिहिलेलं आहे. पानं उलटून पाहिली नाहीत. हाताला सलाईन आहे.

८ सप्टेंबर, सोमवार

मी म्हटलं, अंगठा घ्या. मोठ्या मनाने म्हटलं. सर्जनबाई म्हणाल्या, अंगठ्याची वेळ तीन आठवड्यांपूर्वी होती. आता पोटरीपर्यंत चढलं आहे, रक्तातही उतरायला लागलं आहे. गुडघ्याखालून. उद्याच.

मी त्यांना समजावून सांगितलं की दुखत नाही. मुळीच दुखत नाही. इतकं वाईट असतं तर दुखलं नसतं का? त्यांनी अक्षराकडे पाहिलं.

अक्षरा पलंगावर, अगदी माझ्या पायाशी येऊन बसली. इतक्या दिवसांत तिथे आपणहून बसलेली तीच एक. नाकाला काही लावलं नव्हतं.

"आई, पोरांना मी एकच गोष्ट शिकवते. दुखणं हे शरीराचं बोलणं असतं. तुमचा पाय केव्हाच बोलायचा थांबलाय, आणि तुम्ही त्याला बरं झाला म्हणताय. डॉक्टर आता अंगठा मागत नाहीत. पाय की तुम्ही, एवढंच विचारून राहिलेत."

'विचारत आहेत' म्हण, असं सांगणार होते. सांगितलं नाही.

विचारलं, उंदीर कधीपासून? ती म्हणाली, तुम्हाला वास आला त्याच्या आधीपासून. घरात सगळ्यांना माहीत होतं. बाबा माळ्यावर चढले ते तुम्ही सांगितलं म्हणून. तिथे बसून रडले आणि उतरले.

मला वाटलं होतं, त्यांचे गुडघे दुखतात.

सही मीच केली. वळणदार.

१३ सप्टेंबर, शनिवार

झालं. मंगळवारी.

गंमत अशी की आता दुखतं. जिथे काही नाही तिथे. अंगठा दुखतो. नेमका तोच, आणि सुई टोचल्यासारखा. सर्जनबाई म्हणतात, होतं असं, काही दिवस राहील. दीड महिना उशिरा.

तनुजा भेटून गेली. भाषण फार छान झालं म्हणाली. शेवटचं वाक्य काय होतं, मुली विचारत होत्या. मी म्हटलं, आठवत नाही. हे खरं नाही. नव्हतंच.

शब्द बदलावा लागेल, असं म्हटलं होतं. डिक्शनरी लातूरला आहे.

२२ सप्टेंबर, सोमवार. लातूर

काल घरी आणलं. आज घट बसले. पलंग दिवाणखान्यात, खिडकीशी. घरात कसलाही वास नाही. रोजनिशीसाठी नवे संकल्प करावेत म्हणून बसले होते. गोळ्या वेळेवर, हा एक लिहिला. अक्षराने तो आधीच डबीवर चिकटवून ठेवलेला आहे. दुसरा सुचला नाही.

समोरच्या फाटकात शिवप्पा. खिडकीतून माझा चेहरा दिसला तेव्हा त्यांनी हात केला. आज पहिल्यांदा चेहरा बघितला त्यांनी. मीही हात केला. नाही कसं म्हणणार?

दुपारी अमरेशच्या हाती एक निळी चप्पल पाठवली. डावी. नवीकोरी. आठ नंबर, माझा पाच. निरोप असा, की डाव्या आपल्याकडे बऱ्याच आहेत, मॅडमनी संकोच करू नये. आणि दोघांत मिळून आता एक जोडी पुरेल.

परत पाठवणार होते. मग म्हटलं, असू दे. राहिलेला पाय तरी जपला पाहिजे. एवढं मला कळतं. रेवणप्पा चप्पल घेऊन खाली बसले, गुडघे धरून. मी खिडकीबाहेर बघत होते. शिवप्पांच्या फाटकात त्यांची सून दिवा लावत होती.

रेवणप्पांनी विचारलं, मऊ लागते का?

मी म्हटलं, हो. छान मऊ लागते.

मग खाली पाहिलं. चप्पल अजून त्यांच्या हातातच होती.